मोबाईल लावला की तोंड उघडतं

प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पिंपळे सौदागरला राहणारी एक आई विचारते आहे. मुलगी २ वर्षं ८ महिन्यांची. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही. लावली की तोंड आपोआप उघडतं, पण एकेका जेवणाला पाऊण-एक तास जातो. मध्यंतरी मोबाईल एकदम बंद करून पाहिला. दोन दिवस रडारड, दुसऱ्या रात्री उलटी, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच मोबाईल काढून हातात दिला. वजन ११.८ किलो. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, सासूबाई म्हणतात पोर वाळली, आणि शेजारचा त्याच वयाचा मुलगा अख्खी पोळी खातो. आई-बाबा दोघं हिंजवडीला नोकरीला, दिवसभर मुलगी आजीजवळ. शेवटी लिहिलंय, "मी वाईट आई आहे का? आणि मोबाईल बंद केला तर ही उपाशी राहील का?"

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही बहुतेक नाहीच, पण ते जरा सविस्तर सांगावं लागेल. वयानं मोठी आहे म्हणून "तू" म्हणते, राग मानू नकोस.

आधी माझी पात्रता सांगते. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. कोथरूडला २४ वर्षं बालवाडी चालवते आणि दोन मुलं वाढवली आहेत. माझं ज्ञान म्हणजे डब्यांचं ज्ञान. रोज सकाळी साडेदहाला सतरंजीवर तीस-पस्तीस डबे उघडतात आणि कोण काय खातं, काय टाकतं, काय शेजारच्याला देतं, हे मी इतकी वर्षं बघते आहे.

तू विचारलंयस "मोबाईल कसा सोडवू". मला तुझ्या लिहिण्यात दोन वेगळ्याच गाठी दिसतात. एक म्हणजे मुलगी ताटापाशी येते तेव्हा तिला भूकच नसावी. दुसरी, तिनं किती खायचं हे तिच्याखेरीज घरातल्या प्रत्येकानं ठरवलेलं आहे. भूक नसलेल्या मुलाच्या पोटात आपण ठरवलेलं माप घालायचं तर त्याचं लक्ष दुसरीकडे लागावं लागतं, आणि ते काम मोबाईल चोख करतो. तुम्ही मोबाईल काढलात, पण भूक नव्हतीच आणि माप तेच राहिलं. मग उलटी होणार नाही तर काय.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाहीये. माझा मोठा मुलगा तुझ्या मुलीएवढा होता तेव्हा, १९९७ च्या सुमाराला, आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहत होतो. मोबाईल नव्हता, पण टीव्हीवरच्या जाहिराती होत्या. मालिका लागली की हा उठून पळायचा, जाहिरात लागली की खिळायचा, आणि मी तेवढ्यात तीन घास कोंबायचे. जाहिराती नसतील तेव्हा गॅलरीतली कबुतरं. तीही नसतील तेव्हा वाटी हातात घेऊन जिन्याच्या खालपासून वरपर्यंत त्याच्या मागे. खालच्या काकू म्हणायच्या, "झालं का गं आजचं पर्वतीदर्शन?" एका रात्री जेवण "संपलं", वाटी रिकामी, मी धन्य. सकाळी उठवायला गेले तर उशीवर भाताची शितं. गालात तोबरा धरून तो तसाच झोपला होता. दहा-अकरा तास! झोपेत तो घास घशात गेला असता तर, या विचारानं आजही पोटात गोळा येतो. त्या दिवशी मी वाटी हातातून खाली ठेवली. शहाणपण आलं म्हणून नाही हं, घाबरले म्हणून.

तेव्हा मोबाईल नवा असला तरी त्याच्याकडून करून घेतलं जाणारं काम जुनं आहे. एक फरक मात्र मोठा आहे, तो तुझ्या सासूबाईंनाही पटेल. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" करत भरवताना मूल भरवणाऱ्या माणसाकडे बघत असतं. चिऊ कुठाय, काऊ काय म्हणाला, घास गरम आहे, आजीनं फुंकर घातली, हे सगळं त्याच्या समोर चालू असतं. पुरे झालं की ते मान फिरवतं आणि आजीला ते दिसतं. मोबाईलपुढे मान फिरतच नाही. तोंडात काय आहे, गोड की तिखट, पोट भरलं की नाही, काही कळत नाही. जबडा चालू राहतो एवढंच.

आता भुकेबद्दल. पहिल्या वर्षात मुलाचं वजन तिप्पट होतं. जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षाचं होईस्तोवर नऊ किलोच्या आसपास जातं. त्यानंतर वेग एकदम मंदावतो आणि वर्षाला साधारण दोन किलो वाढतात. म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅमही नाही. वाढ मंदावली की भूकही उतरते. ज्या बाळानं दहाव्या महिन्यात वाटीभर मऊभात मिटक्या मारत खाल्ला, तेच दीड-दोन वर्षांचं झाल्यावर चार घासांत तोंड फिरवतं, आणि घरात घबराट होते: "आधी किती छान खायची!" त्यात याच वयात पायाला चाकं फुटतात आणि "मी नाही" हा शब्द नव्यानं सापडलेला असतो. आणि बहुतेक घरांत नेमका इथेच मोबाईल येतो.

तुझ्या मुलीच्या वयाच्या मुलींचं मधलं वजन, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यानुसार, १३ किलोच्या जवळपास आहे. ११.८ हे त्याच्या खाली असलं तरी सामान्य पट्ट्यात आहे. निम्मी निरोगी मुलं मधल्या रेघेच्या खालीच असतात, म्हणून तर ती मधली. बघायचं ते असं की गेल्या वर्षभरात तिची रेघ स्वतःच्या वाटेनं वर जाते आहे का. ते डॉक्टर बघताहेत आणि ठीक म्हणताहेत. शेजारच्या मुलाच्या पोळीचं काय करायचं ते त्याची आई बघेल.

"पण तिच्यावर सोडलं तर ती काहीच खाणार नाही" ही भीती सगळ्यांनाच असते. यावर एक जुना प्रयोग मला फार आवडतो. क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२० च्या दशकात अमेरिकेत तो सुरू केला. वरचं अन्न अजून न चाखलेली, नुकती दुधावरून सुटणारी १५ बाळं, आणि प्रत्येक जेवणाला समोर वेगवेगळ्या वाट्यांत साधे पदार्थ. परिचारिकांना सक्त ताकीद होती: बाळानं बोट दाखवलं तरच भरवायचं, आग्रह नाही, कौतुक नाही, नाराजी नाही. एखाद्या जेवणात बाळं भलतंच काही खायची, नुसतं एकच फळ किंवा नुसती अंडी. पण महिन्यांच्या हिशेबात सगळी छान वाढली. एकाला जोराचा मुडदूस होता. त्याच्या ताटलीत कॉड माशाचं तेल ठेवलेलं असायचं, ते तो आपणहून प्यायचा. हाडं बरी झाली, त्यानंतर त्यानं ते तेल सोडून दिलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण डेव्हिस बाईंनी स्वतःच एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: समोर जे ठेवलं होतं ते सगळंच चांगलं होतं. त्यात साखर नव्हती, बिस्किटं नव्हती. मुलांनी निवड केली, पण कशातून निवडायचं हे मोठ्यांनी ठरवलं होतं.

माझ्या बालवाडीत मी हेच पाळते. डब्यात काय, तो कधी उघडायचा, कुठे बसून खायचा, हे मोठ्यांचं. किती खायचं, किंवा आज खायचंच नाही, हे त्या मुलाचं. आम्ही भरवत नाही. वर्षाच्या सुरुवातीला यावरून पालकांशी खटके उडतात. गेल्या वर्षी सव्वातीन वर्षांच्या एका मुलीची आई रोज सांगायची, "ताई, ही घरी काही म्हणजे काही खात नाही, दोन घास भरवा ना." शेवटी मी तिला म्हटलं, एक दिवस थांब आणि खिडकीतून बघ. साडेदहाला मुलीनं डबा उघडला. गूळ-तुपाच्या पोळीची गुंडाळी होती. आधी तिनं एका टोकाला जीभ घालून गूळ चाटला. मग त्या टोकाचा घास. गाजराचे तुकडे झाकणात ओळीनं मांडले, मोजले, त्यातला एक शेजारच्या मुलाला दिला, त्यानं तो नाकाला लावून बघितला, मग तिनं तो परत घेतला आणि खाल्ला. पाऊण पोळी संपली. डब्याची एक कडी लागेना तर त्याच्यावर बसून लावली, आणि पिशवीत ठेवायला गेली. बारा मिनिटं. मी बाहेर तिच्या आईकडे आले. वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडला असेल. ती म्हणाली, "थोडी राहिली ना पण."

ती राहिलेली पाव पोळी म्हणजेच सगळ्या भांडणाचं मूळ. आपण तिच्याकडे बघत बसतो.

आता काय करायचं ते. पहिलं काम मोबाईलचं नाही, वहीचं. तीन दिवस मुलीच्या तोंडात जे जे जाईल ते वेळेसकट लिहा. सासूबाईंना लिहायला सांगू नकोस, तपासणी केल्यासारखं वाटतं. त्यांनी नुसतं तुला फोनवर सांगावं, तू लिही. मी हे पालकांना नेहमी करायला लावते आणि वही बघून बहुतेक वेळा तेच लोक हसायला लागतात. एका तीन वर्षांच्या मुलाची वही मला अजून आठवते. सकाळी ७ ला पावडर घालून दूध, मोठा कप. सव्वाआठला तीन बिस्किटं. ९ ला उपमा, पुढे "४ चमचे, बाकी टाकला". १० ला अर्धं केळं. ११ ला आजोबांच्या चहात बुडवलेली खारी. १२ ला "जेवेपर्यंत दम धर" म्हणून मूठभर चुरमुरे. आणि साडेबाराला: "जेवत नाही!!" दोन उद्गारचिन्हं. दिवसभरात तेरा नोंदी आणि दूध पाऊण लिटर. त्या मुलाला भूक लागायला सवड कुठे होती?

दुधाबद्दल जरा थांबते, कारण आपल्याकडे दूध देवाच्या जागी आहे. जेवली नाही ना, मग निदान दूध तरी घेऊ दे. या वयाला दिवसाला चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर दूध पुष्कळ झालं, आणि त्यात दही-ताकही मोजायचं. त्याहून जास्त झालं की पोट दुधानंच भरतं. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि जेवणातलं लोह अंगी लागायलाही ते आड येतं. लोह कमी पडलं की भूक मंदावते, भूक मंदावली की पुन्हा दूध. या चक्रात अडकलेली, दिसायला गुबगुबीत पण फिकट मुलं मी खूप पाहिली आहेत. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा हिमोग्लोबिन बघायचं का, एवढं विचार. शौचाला कडक होत असेल तर तेही सांग. बद्धकोष्ठ असलेलं मूल जेवत नाही, आणि ते लक्षात यायला घरच्यांना कधी कधी महिने लागतात.

वही झाली की खाण्याच्या वेळा ठरवा. पाच पुरेत: सकाळी उठल्यावर थोडं दूध, न्याहरी, दुपारचं जेवण, चारच्या सुमाराला खाऊ, रात्रीचं जेवण. मध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. तीन वाजता भुकेनं रडली तर चारचा खाऊ साडेतीनला द्या, काही बिघडत नाही. पण त्याचं बिस्कीट होऊ देऊ नका. धिरडं, पोळीचा लाडू, उकडलेलं रताळं, केळं, यातलं काही असू दे.

मग मोबाईल. एकदम सगळ्या जेवणांना बंद करायचा की एकेका जेवणाचा, हे घरावर अवलंबून आहे. काही मुलांना एकदाच तोडलेलं बरं पडतं, कारण एका जेवणाला मिळतो आणि दुसऱ्याला नाही हे त्यांना समजत नाही. पण त्यासाठी घरात चार-पाच दिवस सलग, एकमताचं, शांत माणूस लागतं. तुमच्याकडे ते एकदा फसलंय आणि दिवसभर आजी एकट्या आहेत. म्हणून मी एकाच जेवणापासून सुरुवात करीन. शनिवारची दुपार धर, तुम्ही दोघं घरी असता. सकाळी तिला बाहेर चांगली दमवा. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत झोपाळे-घसरगुंड्या असतातच. एखाद्या शनिवारी शहरात येऊन पेशवे पार्कात फुलराणी या छोट्या आगगाडीत बसवा. १९५६ पासून ती गाडी पुण्यातल्या पोरांना फिरवते आहे, आणि तिथून घरी आलेलं मूल काय खाणार नाही? माझ्या मुलानं त्या बागेतून घरी आल्यावर दुधीची भाजी खाल्ली होती. त्यानंतर आजतागायत नाही.

जेवायच्या वेळी सगळ्यांचे मोबाईल आत. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही, आणि सामना चालू असला तरी. एका घरात ते डाळीच्या डब्यात ठेवायचे, मला ते आवडलं होतं. खाली वर्तमानपत्र अंथरा, मुलीला पाटावर बसवा, तिचं ताट तुमच्या ताटांच्या शेजारी आणि त्याच वेळी. वाढताना अगदी कमी: दोन चमचे भात, एक-दोन चमचे वरण, भाजीचे चार तुकडे, लिंबाची फोड. लिंबानं वरणातलं लोह नीट शोषलं जातं, आणि पिळायला मिळालं तर मुलं खूश असतात. ताट रिकामं-रिकामं वाटलं पाहिजे. मागून घ्यायला जागा हवी. ताटात एक तरी वस्तू तिच्या नक्की ओळखीची, आवडीची ठेवा. नवी भाजी असेल तर नखाएवढी. नवा पदार्थ मुलांना दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, तेव्हा कुठे ती त्याला हात लावतात. आपण तिसऱ्या खेपेला "हिला आवडत नाही" म्हणून शिक्का मारतो.

आणि मग सगळ्यात अवघड काम: बोलू नका. म्हणजे खाण्याबद्दल. "अजून एकच", "बाबांच्या नावाचा", "बघ दादा कसा खातो", "भाजी संपव मग चॉकलेट" यातलं काहीच नको. चॉकलेटच्या लाचेनं भाजी ही शिक्षा ठरते, हे मुलांना आपल्याआधी कळतं. बाकी काय वाटेल ते बोला. गॅलरीतलं मांजर, लिफ्टमधले काका, कालचा पाऊस. तिनं हातानं कालवलं तर कालवू दे, अर्धं कपड्यांवर जाईल. वीस-पंचवीस मिनिटांनी विचारा, "झालं?" झालं म्हणाली की ताट उचला, चेहऱ्यावर काही न दाखवता. हे शेवटचं मला जमायला दोन महिने लागले. ताट उचलायचे, पण त्याचा आवाज करायचे.

पहिले तीन-चार दिवस ती त्या जेवणाला कमी खाईल. अगदी दोन घास. धर. पुढच्या वेळेला जास्त खाईल, नाही तर दुसऱ्या दिवशी. मुलांचा हिशेब ताटाचा नसतो, आठवड्याचा असतो. पाणी पिते आहे, लघवी नेहमीसारखी होते आहे, खेळते आहे, एवढं बघ. रडून रडून उलटी झाली तर पुसून काढ, कपडे बदल, जवळ घे. घाबरून लगेच दुधाची बाटली देऊ नकोस आणि मोबाईलही देऊ नकोस, नाहीतर उलटी केली की काय मिळतं हे ती एका दिवसात शिकेल. पण ताप असेल, जुलाब असतील, उलट्या पुन्हा पुन्हा होत असतील, मलूल पडली असेल, तर ते आजारपण. डॉक्टरांकडे जा आणि हा सगळा उपक्रम दोन आठवडे पुढे ढकल. दात येताना, घरात पाहुणे असताना, गणपतीत, हे सुरूच करू नकोस.

आता सासूबाई. खरं तर उत्तराचा निम्मा भाग हाच असायला हवा, कारण आठवड्यातली निम्मी जेवणं त्यांच्या हातून होतात. तू त्यांना "आई" म्हणत असशील तर आईसारखंच बोल, सूचना देऊ नकोस. मोबाईलवर वाचून आलेली सून मोबाईल बंद करा म्हणून सांगते आहे, हे त्यांच्या बाजूनं ऐकून बघ जरा. आणि एक गोष्ट फार कमी लोक कबूल करतात. सकाळी ९ ते संध्याकाळी ७ पावणेतीन वर्षांच्या पोरीमागे धावणाऱ्या बाईला तो मोबाईल पाऊण तास टेकायला देतो. गुडघे दुखत असतात, कुकर लावायचा असतो, स्वतः जेवायचं असतं. तो पाऊण तास तू काढून घेणार असशील तर त्याच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. दुपारी तासभर एखादी बाई, किंवा सकाळीच स्वयंपाक उरकून ठेवणं, किंवा मुलीला दोन-तीन तास जवळच्या बालवाडीत घालणं. ते न करता नियम केलास तर तो दुपारी साडेबाराला मोडणार, आणि मोडल्याबद्दल मी तरी त्यांना दोष देणार नाही.

त्यांना विचार, "आई, हे लहान असताना जेवायला त्रास द्यायचे का हो?" मग जे निघेल ते ऐक. बहुतेक वेळा एखादं आजारपण, एखादा कावीळ-गोवराचा उन्हाळा, हाताशी पैसे नसल्याचे दिवस, असं काहीतरी निघतं. "पोर वाळली" या दोन शब्दांमागे ती भीती असते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाही ने, आणि वजनाचा तक्ता डॉक्टरांना त्यांच्यासमोर उलगडू दे. तुझ्या तोंडून ऐकलेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं सारखं नसतं, काय करणार. चिऊ-काऊ मात्र त्यांच्याकडेच राहू दे. गोष्ट सांगायची, फक्त गोष्टीच्या आडून घास पुढे सरकवायचा नाही.

हो, आणि तुझ्या लिहिण्यात बाबा एकदाच येतात, हिंजवडीला जाताना. रात्रीचं एक जेवण त्यांच्याकडे सोपव. सुरुवातीला तू त्या खोलीत थांबू नकोस.

स्क्रीनबद्दल विचारलं नाहीस, तरी आकडा सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच. तीन जेवणं गुणिले पाऊण तास, म्हणजे तुमचा सव्वादोन तास नुसता जेवणातच होतो. तिला ती गाणी आवडत असतील तर संध्याकाळी तुझ्या मांडीवर बसून वीस मिनिटं बघू दे, ताटाशिवाय. कोल्हापूरला गाडीनं जाताना एखादं जेवण मोबाईलवर झालं तर जगबुडी होत नाही. घरी आल्यावर पुन्हा पाट.

हे सगळं निरोगी, हट्टी, दुधानं पोट भरलेल्या मुलांसाठी आहे. काही मुलांचं प्रकरण वेगळं असतं, आणि त्यांच्या आयांना "उपाशी ठेवा, खाईल" म्हणणं क्रूरपणाचं आहे. गिळताना ठसका लागतो, घास घशात अडकतो. मोजके पाच-सहा पदार्थच चालतात आणि त्यातलेही एकेक गळत चाललेत. पदार्थाच्या नुसत्या स्पर्शानं ओकारी येते. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाते. वजनाची रेघ खाली घसरते आहे. बोलणं किंवा नजरेला नजर देणं वयाच्या मानानं मागे वाटतंय. अपुऱ्या दिवसांची जन्मलेली आहे. यातलं काहीही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेव आणि आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि कुठल्याही मुलाला, कितीही आवडत असले तरी, पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. कूट करा, उभे चार भाग करा. बसूनच खाऊ द्या, पळताना नाही. ती उशीवरची शितं आठवतात म्हणून हे प्रत्येकाला सांगते.

वही झाली की इथेच टाक, आपण बघू. रात्री झोपेत पाजलेलं दूधही त्यात लिही, ते लिहायचं सगळेच विसरतात.